छायाचित्रकाराची नजर उपजत असते की कमावता येते?

प्रश्न असा आहे: दोन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ या उजेड नियंत्रित करणाऱ्या सेटिंगांचे गणित आता हाताला बसले आहे, छायाचित्रे स्वच्छ आणि रेखीव येतात, तरीही ती कोणीही काढलेली असू शकतील अशी वाटतात. सर्जनशील नजर उपजतच असावी लागते का, की ती कमावता येते? आणि कमावता येत असेल, तर नेमका सराव कोणता करावा?

नजर कमावता येते, हे मी तीस वर्षांहून अधिक काळ छायाचित्रे काढून आणि त्यांतील वीसेक वर्षे इतरांना शिकवून खात्रीने सांगू शकतो. काहींना रेषेची, रंगाची किंवा माणसांच्या हावभावांची ओढ लहानपणापासून असते, हे खरे आहे. परंतु ज्याला आपण ‘नजर’ म्हणतो तिचा फार मोठा भाग म्हणजे एखाद्या वस्तूसमोर किंवा एखाद्या जागी, तिची ओळख पटून गेल्यानंतरही थांबून राहण्याची सवय होय. बहुतेक जण ओळख पटताच कॅमेरा उचलतात, आणि म्हणूनच बहुतेकांची छायाचित्रे एकसारखी येतात. पुढे जे काही लिहितो आहे ते या एकाच मुद्द्याचा विस्तार आहे.

प्रथम डोळ्याचे काम कसे चालते ते समजून घेतले पाहिजे, कारण आपली फसगत तेथूनच सुरू होते. आपल्या दृष्टिपटलाचा जो भाग बारीक तपशील टिपतो तो अतिशय लहान असतो. हात लांब करून अंगठा उभा धरला, तर अंगठ्याच्या नखाच्या रुंदीइतक्या, म्हणजे साधारण दोन अंशांच्या टापूतच आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसते. बाकीचे सारे धूसर असते. डोळा सेकंदाला दोन-तीन वेळा इकडून तिकडे उडी मारतो आणि मेंदू त्या तुकड्यांतून एक अखंड दृश्य उभे करतो. हे करताना तो बिनकामाच्या गोष्टी गाळतो आणि ओळखीच्या गोष्टी स्मरणातून भरतो. लग्नाच्या मांडवात आपण नवरीचा चेहरा पाहतो. तिच्या डोक्यामागून निघालेला मांडवाचा खांब आपल्याला दिसतच नाही. कॅमेऱ्याला मात्र नवरी आणि खांब यांत फरक कळत नाही. तो दोघांनाही सारख्याच निष्ठेने टिपतो. घरी आल्यावर आपण म्हणतो, ‘हा खांब कोठून आला?’ खांब तेथेच होता. आपण नवरीला पाहत होतो, चौकटीला पाहत नव्हतो.

रंगाचेही तसेच आहे. पांढरे लुगडे उन्हात असो, झाडाच्या सावलीत असो किंवा देवघरातील समईजवळ असो, आपण ते पांढरेच पाहतो. प्रत्यक्षात मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत त्यावर निळा उजेड पडलेला असतो आणि समईजवळ ते नारिंगी झालेले असते. उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात, आणि आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. त्या भाषेत सांगायचे, तर दुपारचे ऊन साधारण ५,५०० केल्विन असते, मोकळी सावली ७,००० च्या वर जाते आणि जुना पिवळा बल्ब २,८०० च्या आसपास असतो. मेंदू ही तफावत आपोआप पुसून टाकतो. चित्रकाराला आणि छायाचित्रकाराला ती जाणूनबुजून पुन्हा पाहायला शिकावे लागते.

उजेडाच्या मापकाचा स्वभाव आपण दोन वर्षांत अनुभवला असेलच, पण त्याचे कारण बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. कॅमेऱ्यातील मापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. म्हणून पांढरे धोतर आणि पांढरी टोपी घातलेल्या वारकऱ्यांनी चौकट भरली तर ती पांढरी वस्त्रे मळकट करडी येतात, आणि काळी म्हैस चौकटभर असेल तर तीही करडीच येते. पांढऱ्यासाठी उजेड एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवावा लागतो, म्हशीसाठी साधारण तेवढाच कमी करावा लागतो. वरवर पाहता ही यांत्रिक बाब आहे, परंतु तिच्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे: समोरची वस्तू किती उजळ दिसावी हे कोण ठरवणार, यंत्र की आपण? ज्या दिवशी हा निर्णय आपण घेऊ लागतो त्या दिवशी छायाचित्र आपले होऊ लागते.

आता सरावाकडे वळतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला आठवडा घराबाहेर जाऊ देत नाही. एक पितळी लोटी घ्यावी, घासून लखलखीत करावी आणि ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही अशा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावी. कॅमेरा बाजूला ठेवून वीस मिनिटे तिच्याकडे पाहत बसावे. पहिली दोन-तीन मिनिटे आपल्याला ‘लोटी’ दिसते. तिचे नाव, तिचा उपयोग, ती कोणाच्या रुखवतात आली होती हे सारे मनात येऊन जाते. त्यानंतर कंटाळा येतो, आणि तो येऊ द्यावा. पाच-सात मिनिटांनी लक्षात येते की लोटीला स्वतःचा असा पिवळा रंग फारच थोड्या ठिकाणी आहे. तिच्या पोटावर खिडकीची एक वाकलेली, उभी, पांढरी पट्टी आहे. तिच्या शेजारी खोलीचा काळोख आहे. त्या दोहोंच्या मध्ये तपकिरीपासून मधाच्या रंगापर्यंत जाणारा एक अरुंद पट्टा आहे, आणि ज्याला आपण पितळेचा रंग म्हणतो तो खरे तर एवढाच आहे. गळ्याच्या खाचेत आपल्याच शर्टाचा निळा ठिपका आहे. काठावर एक केसासारखी बारीक रेघ चमकते आणि मान जराशी हलवली की ती सरकते.

मग लोटीच्या एका बाजूला काळा कागद उभा करावा. त्या बाजूची कड एकदम गडद होते आणि लोटी मागच्या भिंतीपासून सुटून पुढे येते. काळा कागद काढून त्या जागी पांढरा कागद किंवा स्टीलचे ताट धरावे. सावलीची बाजू उजळते, गोलाई मऊ होते. लोटी खिडकीपासून वीतभर अंतरावर असताना सावलीच्या कडा मऊ असतात, पण उजेड मागे जाताना झपाट्याने ओसरतो आणि मागची भिंत काळोखात बुडते. तीच लोटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दहा-बारा फुटांवर नेली, तर उजेड मंद होतो, सावलीची कड अधिक स्पष्ट होते आणि लोटी व भिंत जवळजवळ सारख्याच उजळ दिसतात. खिडकी तीच आणि लोटीही तीच असते, अंतर बदलल्याने सारे बदललेले असते. व्यक्तिचित्रण शिकण्यासाठी महागडे दिवे लागतात असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग आठवडाभर करावा. लोटीच्या जागी आजीचा चेहरा ठेवला की बाकी काहीही नवे शिकावे लागत नाही.

या सरावामागे मोठी परंपरा आहे. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन याने १९३० मध्ये एका ढोबळ्या मिरचीचे छायाचित्र घेतले, जे आजही छायाचित्रणाच्या इतिहासात मानाने दाखवले जाते. त्याआधी त्याने मिरच्यांची अनेक छायाचित्रे घेतली होती. या वेळी त्याने मिरची एका पत्र्याच्या नरसाळ्यात आडवी ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या उतारामुळे तिच्यावर सर्व बाजूंनी परतलेला उजेड पडला आणि तिची वळणे एखाद्या पाठमोऱ्या देहासारखी उठून आली. विषय बाजारात मिळणारा आणि साधन स्वयंपाकघरातले होते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की त्याच्या मालिकेतील त्या मिरचीला ३० हा क्रमांक आहे.

घरातील आठवडा संपला की बाहेर पडावे, पण एकाच ठिकाणी जावे. मी स्वतः ज्या ठिकाणी शिकलो आणि अजूनही जातो ते ठिकाण म्हणजे वाईजवळचे मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे काळ्या दगडाचा घाट नदीत उतरतो. घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे, आणि त्याच्या जवळच वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली पोर्तुगीजांची मोठी घंटा टांगलेली आहे. सुट्टीच्या दिवशी येणारा प्रत्येक माणूस घंटेचा, देवळाचा आणि पायऱ्यांचा एक-एक फोटो काढतो आणि अर्ध्या तासात परततो. मीही पहिल्यांदा तेच केले होते.

मी त्या घाटावर एका वर्षी सलग महिनाभर, रोज सकाळी, एकच ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन गेलो. त्या काळी फिल्म होती, आणि रोलमध्ये ३६ चौकटी असत. मी दिवसाला १२ चौकटींची मर्यादा घालून घेतली, म्हणजे एक रोल तीन दिवस पुरे. पहिल्या आठवड्यात मला जे माहीत होते ते सगळे मी काढून संपवले. दुसऱ्या आठवड्यात काढण्यासारखे काही उरले नाही असे वाटून मी दोन दिवस नुसताच बसून परत आलो. प्रश्नकर्त्याला माझे कळकळीचे सांगणे आहे की हा दुसरा आठवडा चुकवू नये. माहीत असलेले संपल्याशिवाय माहीत नसलेले दिसू लागत नाही, आणि नेमक्या याच टप्प्यावर लोक जागा बदलतात, लेन्स बदलतात किंवा नवा कॅमेरा घेतात.

तिसऱ्या आठवड्यात मला पायऱ्या दिसू लागल्या. कोरडा काळा दगड प्रत्यक्षात राखाडी असतो. त्यावर पाणी पडले की तो खरोखर काळा होतो. पण उजेडाच्या दिशेने तोंड करून खाली बसले, तर त्याच ओल्या दगडावर पाण्याचा पातळ थर आरशासारखा होतो आणि पायरी आकाशाइतकी पांढरी दिसते. म्हणजे एकच पायरी उभे राहून पाहिली तर काळी आणि गुडघे टेकून पाहिली तर पांढरी. पोलरायझर लावला तर ही चकाकी पुसली जाते, म्हणून पाण्याजवळ तो फिल्टर डोळे मिटून लावू नये. कित्येकदा ती चकाकी हाच विषय असतो. धुणे धुऊन गेलेल्या बाईच्या ओल्या पावलांचे ठसे वरच्या कोरड्या पायऱ्यांवर किती वेळ टिकतात, हेही मला तेव्हा कळले. एवढ्या सामग्रीवर मी पुढे कित्येक महिने काम केले.

पावसाळ्याविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे बरेच जण जूनमध्ये कॅमेरा कपाटात ठेवतात. ढगांनी भरलेले आकाश म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेली एकच मोठी खिडकी असते. तीव्र सावल्या नाहीशा होतात, उन्हाळ्यात चौकटीत न मावणारा उजेड-अंधाराचा फरक आटोक्यात येतो, आणि शेवाळाचा हिरवा, कुंकवाचा लाल आणि भिजलेल्या दगडाचा काळा हे रंग आपापल्या पूर्ण ताकदीने येतात. याउलट एप्रिलच्या दुपारी देवळाच्या अंगणातील ऊन आणि गाभाऱ्यातील समई यांत १० स्टॉपचा फरक सहज असतो. प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे हा फरक १,०२४ पटींचा झाला. डोळा तो सहन करतो, कारण तो एका वेळी एकच गोष्ट पाहतो आणि बाहुली लहान-मोठी करत राहतो. कॅमेऱ्याला एका क्षणात निवड करावी लागते. अशा वेळी गाभारा काळा जाऊ द्यायचा की अंगण पांढरे पडू द्यायचे, हे ठरवणे आपल्याकडे येते, आणि काळोख शिल्लक ठेवण्याचे धैर्य बहुतेकांना फार उशिरा येते. सर्व काही दिसलेच पाहिजे हा आग्रह सोडल्यावर चौकट सुधारते, असा माझा अनुभव आहे.

उजेड वाचता येऊ लागल्यावर पुढची पायरी येते: चित्र घेण्याआधी ते मनात पूर्ण पाहणे. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणून मी नेहमी अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सच्या एका दिवसाची हकीकत सांगतो. १० एप्रिल १९२७ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो कॅलिफोर्नियातील योसेमिटीमध्ये हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर जड कॅमेरा आणि थोड्या काचेच्या प्लेटी घेऊन उभा होता. त्याने नेहमीचा पिवळा फिल्टर लावून एक प्लेट घेतली, आणि त्यानंतर त्याच्या लक्षात आले की चित्रात आकाश फिकट करडे येईल व कड्यासमोर उभे असताना मनात जो दरारा भरला आहे तो त्यात उतरणार नाही. एकच प्लेट शिल्लक होती. त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा उजेड अडवते, म्हणून आकाश जवळजवळ काळे झाले आणि उन्हाने उजळलेला कडा त्यावर उभा राहिला. त्या वेळी आकाश काळे नव्हते. काळे आकाश त्याच्या मनातले होते आणि ते कागदावर कसे आणायचे हे त्याला ठाऊक होते. आज हेच काम संगणकावर कृष्णधवल रूपांतर करताना लाल-निळ्या पट्ट्या सरकवून होते. पण पट्टी सरकवताना ‘बघू, काय चांगले दिसते’ असा शोध घेणे आणि कड्यासमोर उभे असतानाच ‘मला आकाश काळे हवे’ असे ठरवणे, यांत फार मोठे अंतर आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक वही ठेवायला सांगतो. कॅमेरा उचलण्याआधी तीत एक वाक्य लिहायचे: या चित्रात सर्वांत उजळ काय असेल आणि सर्वांत गडद काय असेल. एवढे एकच वाक्य पुरते, आणि ते लिहिता आले नाही तर बटण दाबायचे नाही.

चौकटीच्या रचनेविषयी पुष्कळ नियम सांगितले जातात. तृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन समान भाग कल्पून विषय त्यांच्या रेषांवर ठेवणे, हा त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय आहे. तो वाईट नाही. विषय नेहमी मधोमध ठेवण्याची सवय मोडायला त्याचा उपयोग होतो, आणि ती मोडली की त्याचे काम संपते. त्याहून उपयोगी सवय म्हणजे बटण दाबण्यापूर्वी नजर चारही कडांवरून एकदा फिरवून आणणे. चेहरा आपल्याला आपोआप दिसतोच. कडेला अर्धवट कापला गेलेला हात, कोपऱ्यातील प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यातून निघालेली विजेची तार या गोष्टी मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. एक डोळा मिटून पाहण्याची जुनी युक्तीही अवश्य करावी. दोन डोळ्यांमुळे आपल्याला खोली कळते आणि माणूस मागच्या झाडापासून वेगळा दिसतो. एक डोळा मिटला की ते झाड माणसाच्या खांद्याला येऊन चिकटते, अगदी कॅमेऱ्यात चिकटेल तसेच. आणि दृश्यातील वस्तूंचा परस्परांशी आकार कसा दिसेल हे लेन्सवर अवलंबून नसते, आपण कोठे उभे आहोत यावर असते. झूम फिरवल्याने फक्त कापलेला तुकडा लहान-मोठा होतो. चार पावले पुढे गेल्याने नाते बदलते.

‘नाते’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. फ्रेंच छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ याचे १९३२ मधील पॅरिसच्या सेंट-लझार स्थानकामागचे छायाचित्र पुष्कळांना ठाऊक आहे. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, त्याची टाच पाण्याला लागण्याच्या बेतात. लोक त्यातील क्षणाचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण मागच्या कुंपणावरच्या फलकाकडे पाहावे: तेथे एक नर्तक तशीच झेप घेताना चितारला आहे. पाण्यात उडी उलटी पडली आहे आणि भिंतीवर ती पुन्हा एकदा घेतली गेली आहे. एक कृती चौकटीत वेगवेगळ्या ठिकाणी उमटली आहे. कार्तिए-ब्रेसाँने तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडे रीतसर चित्रकला शिकली होती, आणि तिचा परिणाम त्याच्या प्रत्येक चौकटीत दिसतो. आपल्याकडे वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचेही शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात झाले होते. यावरून मी असे म्हणेन की छायाचित्रकाराने छायाचित्रांपेक्षा चित्रे अधिक पाहावीत. सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आहे. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर उभे राहून उजेड कोणत्या बाजूने येतो, साडीच्या घडीत तो कोठे संपतो आणि चित्रकाराने कोणता भाग मुद्दाम अंधारात सोडला आहे, एवढेच शोधण्यात एक दुपार घालवावी.

रंगाबद्दल थोडेच लिहितो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. ज्या काळात गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल असे मानले जात होते, त्या काळात रघुबीर सिंग यांनी जाणीवपूर्वक रंगीत फिल्मवर भारत टिपला. त्यांच्या अखेरच्या कामात अ‍ॅम्बॅसडर गाडीचे दार, खिडकी आणि आरसा यांनी चौकटीचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात वेगळे काहीतरी चाललेले असते. त्यांची चित्रे पाहताना मला असे वाटते की आपल्या रस्त्यांवरची गर्दी टाळून स्वच्छ, मोकळी चौकट शोधण्याचा आपला अट्टहास ही बाहेरून आलेली आवड आहे. मंडईत गर्दी असते, आणि तिच्यातही रचना असते. ती शोधायला अधिक वेळ लागतो, इतकेच.

आता निवडीविषयी, कारण नजर घडण्याचे अर्धे काम येथे होते आणि बहुतेक जण ते टाळतात. काढलेली चित्रे त्याच रात्री पाहू नयेत. त्या रात्री आपल्याला चित्र दिसत नाही, ते काढताना किती कष्ट पडले ते आठवते. दोन आठवडे थांबावे. मग महिन्याभरातील तीस-चाळीस चित्रांच्या चार बाय सहाच्या साध्या प्रती करून घ्याव्यात, जमिनीवर पसराव्यात आणि उभे राहून पाहाव्यात. जे चित्र उभ्याने, पाच फुटांवरून, तपशील न दिसताही ओढून घेते ते बाजूला काढावे. नंतर प्रती उलट्या, म्हणजे वरची बाजू खाली करून ठेवाव्यात. असे केल्याने चेहरे व वस्तू ओळखू येईनाशा होतात आणि उजेड-अंधाराची मांडणी तेवढी उरते. जे चित्र उलटे ठेवूनही तोलदार दिसते ते बहुधा टिकते. तीस चित्रांतून तीन निवडली, तर नाकारलेल्या सत्तावीस चित्रांमागील कारण एकेका ओळीत वहीत लिहावे. सहा महिन्यांनी ती वही वाचली की आपल्या चुका मोजक्याच आहेत आणि आपण त्याच पुन्हा पुन्हा करतो आहोत, हे स्पष्ट दिसते.

माणसांची छायाचित्रे घेताना आणखी एक गोष्ट लागते, आणि ती कोणत्याही वहीत बसत नाही. मेणवलीच्या त्या महिन्यात घटस्थापना जवळ आली होती, आणि गावातील बायका घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला घाटावर येत होत्या. भिजलेली वाकळ दोघींनाही उचलत नाही इतकी जड होते. ती दोन टोकांना धरून पिळायची आणि मग पायऱ्यांवरच वाळत पसरायची. मला त्या पसरलेल्या वाकळा, त्यांचे रंगीत चौकोन आणि खालच्या काळ्या पायऱ्यांच्या आडव्या रेषा यांचा मेळ फार आवडला होता. रोज येत असल्यामुळे मी तोवर त्यांच्या ओळखीचा झालो होतो. कोणाच्या परवानगीशिवाय कॅमेरा उचलायचा नाही हे मी पाळत होतो, आणि कदाचित म्हणूनच एका साठीच्या मावशींनी मला आपण होऊन सांगितले, ‘‘भाऊ, उद्या धरणाचं पाणी सोडणार हायेत. खालच्या पायऱ्या आजच बघून घ्या.’’ धोम धरण घाटाच्या वरच्या अंगाला आहे, आणि पाणी सोडले की खालच्या पायऱ्या बुडतात, हे महिनाभर तेथे बसून माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या सकाळी मी माझी मर्यादा मोडून पूर्ण रोल वापरला.

त्यांतील एका चित्रात मावशी वाकळ पसरत आहेत, पाठ वाकलेली आहे, आणि वाकळेची एक कड पाण्यात आहे. मी त्याची मोठी प्रत करून त्यांच्या घरी नेऊन दिली. मला अभिमान होता तो तिरक्या कडेचा आणि पाण्यावरच्या चकाकीचा. मावशींनी चित्र उजेडात धरले, स्वतःकडे पाहिलेही नाही, आणि वाकळेतल्या एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘ह्यो तुकडा माझ्या सासूबाईंच्या लुगड्याचा. आन् ह्यो थोरलीच्या झबल्याचा.’’ मग आत जाऊन त्यांनी ती वाकळ आणली, ओट्यावर उलगडली आणि एकेका तुकड्याचे नाव सांगू लागल्या. मी तोवर त्या वाकळेकडे चार दिवस पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या दारात गेलो, या वेळी लेन्स तीच होती, पण वाकळेपासून हातभर अंतरावर बसलो आणि टाक्यांच्या बाजूने येणाऱ्या सकाळच्या उन्हाची वाट पाहिली.